किती हवेला किती इंधन : शिरूर-दौंड पट्ट्यातल्या इंजिनांची गोष्ट

टर्बो किंवा सुपरचार्जर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाचं ट्यूनिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, पूर्ण लोडवर सुरक्षित मिश्रण कोणतं? उत्तर बहुधा एका आकड्यात मिळतं : साडेअकरा, फार तर बारा. म्हणजे एक किलो पेट्रोलमागे साडेअकरा ते बारा किलो हवा. पेट्रोल पुरतं जळायला किलोमागे १४.७ किलो हवा लागते. इंजिन सर्वाधिक ताकद देतं ते साडेबारा-तेराच्या आसपास. त्याहूनही खाली, साडेअकरावर येणं म्हणजे जळू न शकणारं पेट्रोल जाणूनबुजून आत सोडणं. गॅरेजच्या भाषेत ‘रिच’ चालवणं. हा आकडा खोटा नाही. पण तो निसर्गनियम असल्यासारखा पाठ केला जातो, आणि माझा आक्षेप त्याला आहे. साडेअकरा हा एका ठरावीक इंधनाशी, ठरावीक हवेशी आणि थंड करण्याच्या ठरावीक सोयीशी केलेला समझोता आहे. त्यातली एक गोष्ट बदलली की समझोता नव्याने करावा लागतो. हे दाखवायला लांब जायची गरज नाही. पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरकडे आणि सोलापूरच्या लोहमार्गाने दौंडकडे गेलं, की दाबाने हवा भरणाऱ्या इंजिनांचा जवळजवळ शतकभराचा इतिहास वाटेत भेटतो.

सुपरचार्जरची कल्पना मोटारीइतकीच जुनी. गॉटलीब डाइमलरने १८८५ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. बाहेर पडणाऱ्या धुरावर पंखा फिरवून हवा दाबायची, म्हणजे टर्बोची, कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये नोंदवली. एक इंजिनाच्या शाफ्टवरून फिरतो आणि दुसरा धुरावर, एवढाच काय तो भेद. सिलिंडरच्या दृष्टीने दोघे एकच काम करतात, जास्त हवा कोंबतात. मोटारींमध्ये ही चैन आधी श्रीमंतांची होती. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात बनवून घेतलेली ड्यूसेनबर्ग एसजे ही सुपरचार्जरचीच गाडी. पण मिश्रणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवावा लागला तो विमानांत. शिरूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर लोहगावचा विमानतळ १९३९ साली उभा राहिला आणि महायुद्धात तिथे मॉस्किटो जातीची विमानं होती. मॉस्किटोत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, गिअरवर फिरणाऱ्या सुपरचार्जरचं. त्याच युद्धातल्या थंडरबोल्ट विमानात प्रॅट अँड व्हिटनीचं अठरा सिलिंडरांचं इंजिन, सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही असलेलं. या भागात बूस्टची, म्हणजे दाबाने हवा भरणारी, पेट्रोल इंजिनं रांजणगावच्या मोटार कारखान्याआधी साठ-सत्तर वर्षं येऊन गेली आहेत.

त्या इंजिनांनी शिकवलेली गोष्ट इंधनाच्या नावातच लिहिलेली होती. युद्धकाळातल्या विमानी पेट्रोलची एक प्रत होती १००/१३०. तेच पेट्रोल, पण दोन आकडे : पहिला लीन, म्हणजे कमी इंधनाच्या, मिश्रणावर नॉकिंगला किती तोंड देतं याचा, दुसरा रिच मिश्रणावर. नॉकिंग म्हणजे ठिणगीने लावलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेल्या मिश्रणाचा स्फोट होणं, आणि बूस्टच्या इंजिनात पिस्टन फुटतात ते बहुतेकदा यानेच. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं, जळण थोडं थंड राहतं, आणि नॉकिंग मागे हटतं. म्हणून वैमानिक उड्डाणाच्या वेळी मिश्रणाचा दांडा ‘ऑटो रिच’वर ठेवी आणि वर संथ चालीला लागल्यावर ‘ऑटो लीन’वर आणी. पण थंडरबोल्टच्या इंजिनात याहून बोलका पुरावा आहे. आणीबाणीच्या ताकदीसाठी त्यात पाणी फवारायची सोय होती, आणि पाणी सुरू होताच एक झडप पेट्रोल कमी करून मिश्रण पुन्हा जास्तीत जास्त ताकदीच्या आकड्याकडे नेई. थंड करण्याचं काम पाण्याने पत्करल्याबरोबर जादा पेट्रोलची गरज संपली. म्हणजे ते पेट्रोल तिथे इंधन म्हणून नव्हतंच, पाण्याच्या जागी होतं. साडेअकराचं मूळ हेच आहे. इतकी जुनी आणि इतकी उघड गोष्ट असूनही आकडा तेवढा उरला आणि त्यामागचं कारण विसरलं गेलं.

आता दौंड. मनमाडचा फाटा १८७८ साली इथे येऊन मिळाला आणि तेव्हापासून दौंडचं जगणं इंजिनांशी बांधलं गेलं. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. ही उलटापालट टाळणारी कॉर्ड लाइन होईपर्यंत हा प्रवाशांच्या आणि इंजिनांच्या दोघांच्याही सवयीचा भाग होता. त्यामुळे इंजिन जागेवरून ताकदीने सुटताना पाहण्याची दौंडइतकी चांगली जागा पुणे जिल्ह्यात नव्हती. वाफेनंतर आलं ते डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन : अमेरिकेच्या अल्कोची रचना, भारतात १९६२ साली आलेलं, वाराणसीत १९६४ पासून तयार झालेलं, सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि धुरावर फिरणारा टर्बो. लोको पायलटने नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, चढवला की गव्हर्नर इंधनाची रॅक लगेच पुढे सरकवे. पण टर्बो फिरायला धूर हवा, धूर यायला इंधन जळायला हवं, आणि टर्बोचं चाक वेग घ्यायला काही सेकंद घेणारच. त्या सेकंदांत इंधन पोचलेलं असे आणि हवा वाटेत. फलाटावरून दिसे तो काळाकभिन्न धुराचा लोट. तो इंजिन जुनं असल्याचं लक्षण नव्हता, मिश्रणाचा आलेख होता, आकाशावर काढलेला. ड्रायव्हरसमोर बूस्टर एअर प्रेशरचा काटा असे. तो चढत गेला की लोट विरळ होई.

इथे डिझेल आणि पेट्रोलचा फरक नीट पाहायला हवा, कारण सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसते. हवा येईल तितकी घ्यायची आणि ताकद इंधन कमी-जास्त करून ठरवायची. पूर्ण लोडवरही हवा गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवतात. प्रमाण साधारण विसाच्या खाली उतरायला लागलं की धूर दिसू लागतो, आणि त्याबरोबर एक्झॉस्टचं तापमान चढतं. म्हणजे डिझेलमध्ये लीन ही सुरक्षित बाजू आणि रिच ही धोक्याची. बूस्टच्या पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर बरोबर उलटं. ज्याने हयात डिझेलवर घालवली त्याचा हात पेट्रोल टर्बोवर चुकीच्या दिशेला वळू शकतो, आणि पेट्रोलवर शिकलेला मुलगा डिझेल पंप वाढवताना ‘जरा रिच बरं’ म्हणतो. दोघेही आपापल्या आकड्याशी प्रामाणिक असतात.

कुणी म्हणेल, रेल्वेच्या धुराचा आणि मोटारीच्या ट्यूनिंगचा संबंध काय? संबंध असा, की मिश्रण बिघडतं ते बहुधा स्थिर चालीत नाही, बदलाच्या क्षणी. याला पुरावा रेल्वेचाच. भारतात १९९९ पासून आलेल्या जनरल मोटर्स रचनेच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनात टर्बो सुरुवातीला गिअरने इंजिनालाच जोडलेला असतो. धुरात पुरेसा जोर येईपर्यंत तो सुपरचार्जर म्हणून फिरतो आणि मग क्लच सोडून मोकळा होतो. दोन-स्ट्रोक इंजिनाला सुरू होण्यासाठीच बाहेरून हवा लागते, म्हणून ही सोय. पण तिच्यामुळे नॉच चढवताना हवा हजर असते. इंधनाचा सरासरी हिशेब कितीही बरोबर असला तरी हवा त्या क्षणी आहे की नाही, हे वेगळंच विचारावं लागतं. शाफ्टवरचा सुपरचार्जर वापरणाऱ्या मोटारींना हा फायदा आयता मिळतो : बूस्ट आरपीएमबरोबर लगोलग येतो, त्यामुळे मिश्रणाचा नकाशा मांडणं सोपं जातं. मात्र सुपरचार्जर हवा तापवतोही, आणि ती उष्णता उतरवायला इंटरकूलर नसेल तर साडेअकराचा आकडा पाळूनही नॉकिंग होतं.

शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर या नगर रस्त्यावरच्या गॅरेजांमध्ये ट्रकांचा टर्बो १९९०च्या दशकात ओळखीचा होऊ लागला. टाटा आणि कमिन्सची इंजिनांसाठीची भागीदारी १९९३ची, आणि २००० सालापासूनच्या प्रदूषण नियमांनी टर्बो सक्तीचाच केल्यासारखा झाला. त्या पिढीच्या पंपावर एक छोटी, बशीएवढी डबी असे. तिच्यात रबरी पडदा, वर एक बारीक नळी, नळीचं दुसरं टोक हवेच्या मॅनिफोल्डला. बूस्ट वाढला की पडदा दबायचा आणि रॅकला आणखी पुढे जायची परवानगी मिळायची. बूस्ट नाही तर परवानगी नाही. अल्कोच्या धुराचा प्रश्न या डबीने फार साधेपणाने सोडवला होता, आणि ट्रकच्या इंजिनावरच्या हुशारीच्या वस्तूंत मी तिला वरचं स्थान देईन. आता ती नळी उन्हाने तडकली असं धरा. डबीला बूस्ट कळत नाही, डिझेल कमी पडतं, ट्रकचा पिकअप जातो. मालक म्हणतो, घाट चढत नाही, पंप वाढव. फिटर नळी न पाहता मुख्य स्क्रू फिरवतो. ताकद परत येते. पण आता टर्बो झोपलेला असतानाही पूर्ण डिझेल पडतं, सुटताना काळा धूर, चढावर लाल झालेला मॅनिफोल्ड, आणि काही महिन्यांनी पिस्टनचा माथा किंवा टर्बोचं चाक. आकडा बघून हे कळलं नसतं. हवा किती आहे हे सांगणारी वाट तुटली होती, आणि दुरुस्ती इंधनाच्या बाजूने केली गेली.

जुन्या फिटरांच्या बाजूने एक जोरदार आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. या माणसांकडे ना धुरावरून मिश्रण ओळखणारा लॅम्डा सेन्सर होता ना लॅपटॉप; धुराचा रंग, एक्झॉस्टचा आवाज, प्लगच्या टोकाची छटा एवढ्यावर त्यांनी इंजिनं लाखो किलोमीटर चालवली. मग मोजमापाचा एवढा बडेजाव कशाला? हे खरं आहे, आणि त्यांचं कौशल्य खरं होतं. पण ते ज्या इंजिनांवर खरं ठरलं ती बहुतेक बिनबूस्टची होती, आणि तिथे चूक झाली तरी सावरायला वेळ मिळे. प्लगची छटा थांबल्यावर वाचायची गोष्ट आहे. बूस्टच्या पेट्रोल इंजिनात जोरदार नॉकिंग सुरू झालं तर पिस्टनची कड जायला काही सेकंद पुरतात. अनुभव कमी पडला असं नाही. बातमी पोचायच्या आत निकाल लागू लागला.

रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आला आणि २००७ साली टाटा मोटर्स त्यात भागीदार झाली, तेव्हा ही बातमी पोचवण्याचं काम शिरूर तालुक्यातच यंत्राकडे गेलं. इथे तयार झालेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल लिनिया आणि पुंटोत बसलं, टाटांच्या गाड्यांतही गेलं. फियाटनेच विकासाला हात दिलेलं कॉमन रेल तंत्र त्यात होतं : एकाच फेरीत इंधनाच्या अनेक बारीक फवारण्या, आणि किती हवा आत येते हे तापलेल्या पातळ फिल्मवरून मोजणारा सेन्सर. मोजलेल्या हवेइतकंच इंधन द्यायचं, पायाने कितीही दाबलं तरी. ट्रकच्या पंपावरच्या रबरी पडद्याचं काम संगणकातल्या तक्त्याने घेतलं. तत्त्व तसूभर बदललं नव्हतं. म्हणून मला ‘आता ईसीयू (इंजिनाचा संगणक) सगळं सांभाळतो’ हे वाक्य अर्धवट वाटतं. सेन्सरवर तेलाचा थर बसला किंवा टर्बोनंतरचा होज फाटला, की ईसीयू चुकीच्या हवेवर अगदी काटेकोर हिशेब करतो. तडकलेल्या नळीचीच ती गोष्ट, फक्त आता ती बॉनेट उघडल्यावर दिसत नाही.

टर्बो पेट्रोलची कसोटी लागली ती लिनिया टी-जेटने, २०१० साली : १३६८ सीसी, ११४ अश्वशक्ती. मग २०१५ मध्ये तितक्याच सीसीची अबार्थ पुंटो आली ती १४५ची. या दोन आकड्यांमधली फट तरुण मालकांना खुणावत राहिली, आणि टी-जेट रिमॅप करून, म्हणजे ईसीयूतला नकाशा बदलून, घेणं हा देशभरच्या हौशी मंडळींचा छंद झाला. मोह समजण्यासारखा आहे, इंजिन मुळातच दणकट. पण मूळ गाडीतला साधा लॅम्डा सेन्सर १४.७च्या कुठल्या बाजूला आहोत एवढंच ठामपणे सांगतो. १९७६ साली बॉशने तो बाजारात आणला तेव्हा एक्झॉस्टमधल्या उत्प्रेरकाला जपणं हेच त्याचं काम होतं. साडेअकरा आणि साडेबारा यांतला फरक दाखवायला वाइडबँड सेन्सर लागतो. तो न लावता बूस्ट वाढवणं म्हणजे जिथे मोजायला हवं तिथेच डोळे मिटणं. त्यात आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये शिरूर-दौंडला पारा चाळिशीला टेकतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा आठेक टक्क्यांनी विरळ असते. हवा मोजली जात नसेल तर मिश्रण आपोआप जरा रिच होतं, काटा उलट जास्त सुरक्षित आकडा दाखवतो, आणि तापलेल्या हवेमुळे नॉकिंग मात्र जवळ आलेलं असतं. आकडा सुधारतो आणि सुरक्षितता घटते, दोन्ही एकाच वेळी.

मग नेहमीच थोडं जास्त पेट्रोल टाकावं, म्हणजे चिंता नको, असं म्हणणारे बरेच आहेत. हा आक्षेप सर्वात सोयीचा आणि सर्वात महागडा. फार रिच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ठिणगी चुकते आणि न जळलेलं इंधन उत्प्रेरकात जाऊन त्याला भाजतं. शिवाय उत्पादकच आता या सवयीपासून दूर जात आहेत. पूर्वी टर्बोचं चाक तापू नये म्हणून कंपन्या पूर्ण लोडवर पेट्रोल वाढवत. बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचाही हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे एक्झॉस्टची वाट सिलिंडर हेडच्या पाण्यातून नेणं, थंड केलेला धूर परत आत घेणं, ठिणगी बारकाईने मागे-पुढे करणं, अशा मार्गांनी इंजिन थंड ठेवून मिश्रण शक्य तितकं १४.७जवळ राखण्याकडे जगभरच्या टर्बो पेट्रोलची वाटचाल आहे. रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनसारख्या आजच्या टर्बो गाड्यांचा काळ हाच. थंडरबोल्टमधल्या पाण्याने जे केलं तेच नव्या रचना करताहेत : थंड करण्याची दुसरी सोय मिळाली, की जादा पेट्रोलची नोकरी संपते.

आणि शेवटी इंधन, जे आता खुद्द या मातीतून येतं. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा कारखाना ज्या उसावर उभे राहिले, तसल्या उसाची मळी आणि रस यांपासून देशभर इथेनॉल होतं. मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याचा कायदा भारतात १९४८ सालीच झाला होता. प्रत्यक्ष पाच टक्के मिश्रण २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सुरू झालं, वीस टक्क्यांचं पेट्रोल २०२३ पासून येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू आहे, त्यामुळे किलोमागे नऊ किलो हवा त्याला पुरते. वीस टक्के मिसळलं की १४.७चा पवित्र आकडा साडेतेरावर येतो. २०१०च्या टी-जेटला शुद्ध पेट्रोलवर पूर्ण लोडला १२चं मिश्रण बांधून दिलेलं असेल आणि नंतर कुणी हात लावला नसेल, तर आजच्या पंपावरचं इंधन तितक्याच मापाने टाकून ती पेट्रोलच्या भाषेत १२.९च्या आसपास चालते. सात-आठ टक्क्यांनी लीन. ट्यूनरने काहीच बदललं नाही, शेताने बदललं.

यावर घबराट पसरवणारे आणि दुर्लक्ष करणारे, दोघेही चुकतात असं मला वाटतं. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलहून बरीच जास्त उष्णता शोषतं आणि वीस टक्क्यांच्या इंधनाचा ऑक्टेन आकडाही ९५ आहे, पूर्वीच्या साध्या पेट्रोलच्या ९१ऐवजी. म्हणजे नॉकिंगच्या बाजूने सूट मिळते आणि मिश्रणाच्या बाजूने ती कापली जाते. जमा कुठली आणि वजा किती हे गाडीगणिक मोजावं लागतं. वाइडबँडच्या काट्यावर मात्र एक सापळा आहे. तो खरं तर लॅम्डा मोजतो, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते, आणि त्याला १४.७ने गुणून पडद्यावर आकडा दाखवतो. त्यामुळे वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर काट्यावरचे साडेअकरा हे वजनाच्या हिशेबाने साडेअकरा नसतात, पण लॅम्डा तोच ०.७८ असतो. बूस्टच्या गाडीवर काम करताना लॅम्डातच बोलावं, हे म्हणूनच व्यवहाराला धरून आहे. मग जुन्या टी-जेटवर किंवा अबार्थवर पहिला तपास कशाचा, तर इंधन पुरवण्याच्या ताकदीचा. तेवढाच लॅम्डा राखायला आता सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. पूर्ण बूस्टला, पाच हजार आरपीएमच्या वर पंपाचा दाब टिकतो का आणि इंजेक्टर उघडे राहण्याची मर्यादा गाठतात का, हे दुपारच्या उन्हात, टाकीत रोजचं पेट्रोल असताना, नोंद घेऊन पाहावं. वरच्या आरपीएमला लॅम्डा चढू लागला तर नकाशात पेट्रोल वाढवण्याआधी बूस्ट उतरवावा आणि पंप बदलावा, कारण तिथे मागितलेलं इंधन इंजिनापर्यंत पोचतच नसतं.